मोठ्या तळ्यावर काय घडलं

“विश्वास नाही बसायचा तुमचा, वहिनी. या गावात कुणाचाच नाही बसायचा. शपथ घेतली तरी नाही, आणि नाही घेतली तर मुळीच नाही,” असं म्हणून भाऊजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली, मग उचलली आणि मांडीवर घेऊन बसले.

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. त्यांचे यजमान मोजणीदार पहाटे साडेपाचला दुर्बीण गळ्यात अडकवून बाहेर पडले होते. पानगळ लागली की दर रविवारी पाणपक्षी मोजायला जायचं आणि साडेअकराला घरी यायचं, हा त्यांचा शिरस्ता. अकरा चाळीस झाले तर ते दारातच कारण सांगत. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून त्या माणसाच्या हाडात फूटपट्टी शिरली होती. आज उशिराला पाच तास होत आले होते, आणि कारण सांगायला दारात आले होते ते भाऊजी. एकटे.

भाऊजी म्हणजे सख्खे दीर नव्हेत. पुढच्या गल्लीत किल्ल्या करून देण्याचं दुकान चालवणारे मोजणीदारांचे मित्र. माणूस हाताचा सच्चा आणि जिभेचा अजिबात नाही. बगळ्याच्या पिसाने बँकेची तिजोरी उघडल्याची गोष्ट ते निदान पाच जणांना वेगवेगळ्या बँकेच्या नावाने सांगून चुकले होते. एक पाणकोंबडी दुकानात येऊन काउंटरवर चोच आपटते आणि जुनी किल्ली परत मागते, हीसुद्धा त्यांचीच. ऐकणारा हसला की ते रागवायचे, आणि नाही हसला की जास्त रागवायचे.

आज मात्र कुणी हसत नव्हतं.

गेल्या वर्षी मोजणीदार पाण्याच्या काठावर चक्कर येऊन पालथे पडले होते. दोन बोटं पाणी, पण नाक त्यातच. भाऊजींनी कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, “यापुढे पाण्याजवळ एकटं नाही.” वहिनींनी दुर्बीण कपाटात टाकली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, चहा पिता पिता केसातल्या पिनेने ते कुलूप उघडलं आणि म्हणाले, “वहिनी, मी असताना त्याला एकट्याला सोडणार नाही. सोडला, तर माझ्या दुकानाला माझंच कुलूप लावा आणि किल्ली तळ्यात टाका.” त्या एका शब्दावर वहिनींनी नवऱ्याला पुन्हा जाऊ दिलं होतं.

आणि जायचं कुठे, हे घरात कधीच ठरत नसे. पाण्याच्या जागा तीन होत्या: पंपघराजवळचं मोठं तळं, वीटभट्टीचे पाण्याने भरलेले खड्डे, आणि कागद कारखान्यामागची दलदल. बेकरीच्या कोपऱ्यावर दोघे भेटायचे, धुराड्याचा धूर कुठे झुकतोय ते बघायचे आणि वारा पाठीशी येईल ती जागा धरायची. मोजणीदार फोन बरोबर नेत नसत. एकदा तो वाजला आणि आठशे पक्षी मोजायच्या आत उडाले, तेव्हापासून फोन रविवारी फ्रिजवर पडलेला असे. आत्ताही तो तिथेच होता.

म्हणजे मोजणीदार कुठे गेले हे सांगू शकणारा माणूस जगात एकच. भाऊजींनी दोन वाजता येऊन सांगितलं, “मोठं तळं.” ते ऐकल्याबरोबर वहिनींची लेक पंपघराकडे धावली. अग्निशमन दलाची होडी तिथेच गेली. शेजारपाजारचे सात-आठ जण बांबू घेऊन तिथेच गेले.

“पुन्हा सांगा,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

ही तिसरी खेप होती. पहिल्या वेळी भाऊजींनी चार वाक्यांत आटोपलं होतं: आम्ही दोघे गेलो, तो लव्हाळ्यामागे गेला, परत आला नाही, मी दोन वाजेपर्यंत शोधलं. दुसऱ्या खेपेला त्यात धुकं आलं. भाऊजींच्या गोष्टीला दर वेळी एक पाय जास्त फुटायचा, हे वहिनींना ठाऊक होतं. तरी त्या विचारत राहिल्या. त्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं, आणि तिथली सवय अशी की एकच मजकूर तीनदा वाचायचा. पहिल्यांदा डोळा फसतो.

“धुकं असं, की माझाच हात मला परका वाटावा,” भाऊजी सुरू झाले. “आणि आवाज नाही. वहिनी, तळ्यावर पहाटे काय कलकलाट असतो! टिबुकल्या खिदळतात, पाणकावळे खोकतात. आज काही नाही. मी म्हटलं, अरे, कुणी गेलंय की काय? तो म्हणाला, गप्प बस, मोजतोय.”

हे अगदी त्यांच्यासारखंच, वहिनींना वाटलं.

“मग धुकं वर गेलं. पडदा वर जातो तसं, खालून. आधी पाणी दिसलं, मग पोटं, मग माना. तळं भरलेलं. पाय ठेवायला जागा नाही म्हणतात ना, तसं चोच ठेवायला जागा नाही! आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि वारा आमच्या पाठीकडून, तेव्हा तोंडं आमच्याकडे असायचीच, ते मलाही कळतं. पण वहिनी, मग वारा फिरला. चांगला फिरला, माझी टोपी उडाली. आणि ती वळली नाहीत. एकसुद्धा नाही.”

टेबलावरचा वहिनींचा फोन वाजला. लेक होती. मागे कुणीतरी कुणाला तरी “डावीकडे, डावीकडे” म्हणत होतं.

“आई, काका आहेत का तिथे? त्यांना विचार, लव्हाळं नक्की कुठलं. बांधाजवळचं की पलीकडचं? आम्ही दोन्हीकडे दोनदा फिरलो. चिखलात एकही पाऊल उमटलेलं नाही, आई.”

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. “बांधाजवळचं की पलीकडचं?”

“मधलं,” भाऊजी म्हणाले.

“मधलं म्हणतायत.”

“मधे पाणी आहे फक्त,” लेक म्हणाली. “दोन तासांत अंधार पडेल. मग होडी काढून घेणार म्हणतायत.” फोन ठेवला गेला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकून भिंतीवर चढलं होतं. भाऊजींच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते आणि फरशीवर थेंबाथेंबाने थारोळं साचलं होतं. वहिनींची नजर त्यावर गेली. पाणी स्वच्छ होतं. फरशीची नक्षी त्यातून स्पष्ट दिसत होती. ह्यांचे बूट रविवारी घरात आले की चिखल धुवायला दोन बादल्या पाणी लागतं. पण भाऊजींनी वाटेत नळावर धुतले असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. माणसं घाबरली की काहीही करतात.

“पाऊल उमटणार कसं?” भाऊजी एकदम म्हणाले. त्यांचा आवाज चढला. “तेच तर सांगतोय! चिखलातून गेलाच नाही तो. त्या बदकांनी वाट दिली त्याला. मधोमध, सरळ, जशी त्याने दोरी लावून आखली असावी. डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. आणि त्या वाटेच्या टोकाला तो उभा.”

“कोण?”

“पक्षी. आता तुम्ही म्हणाल, भाऊजींची सुरू झाली. म्हणा. पण दाराएवढा उंच, वहिनी, या तुमच्या दाराएवढा. काळा, आणि ओला नाही. पाण्यात उभा आणि ओला नाही! मान अशी वळवली की मला माझ्या दुकानातल्या सगळ्या कुलपांचे खटके एकदम पडल्यासारखे ऐकू आले. मी याला मनगटाला धरून ओढलं. म्हटलं, चल मागे. तर हा म्हणतो, हा पक्षी आपल्या वहीत नाही. याची नोंद व्हायला पाहिजे. आणि निघाला. तीस फूट पाणी तिथे, आणि याचे घोटेसुद्धा बुडेनात.”

भाऊजींच्या कपाळावर घाम होता. त्यांच्या मांडीवरच्या टोपीची कड पिळून पिळून दोरीसारखी झाली होती. वहिनींना एका क्षणी वाटून गेलं की या माणसाला स्वतःलाच तो पक्षी दिसतोय. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांना स्वतःलाही दिसू लागला होता. कारण जोवर मोजणीदार त्या वाटेने चालत होते तोवर ते चालत तरी होते. पडलेले नव्हते.

“मागे वळून पाहिलं ह्यांनी?”

“एकदा. आणि हसला. वहिनी, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. सूर्य नुकताच वर आलेला. याच्या दोन्ही बाजूंना ती थापट्या बदकं, ती पळीसारख्या चोचीची हो, हजारांनी. आणि काय रंग! नरांची ती हिरवीगार डोकी, पाचूसारखी चमकतायत. छाती पांढरीशुभ्र, पोटं विटकरी. मैलभर हिरवी डोकी, आणि मधून हा चाललाय, नवरदेवासारखा...”

“थांबा,” वहिनी म्हणाल्या.

“आं?”

“हिरवी डोकी.”

“हिरवी म्हणजे अशी हिरवी, की...”

“भाऊजी.” वहिनी उभ्या राहिल्या होत्या. उभं राहताना खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही. “ह्यांच्या वह्या मी लिहून काढते. एकवीस वर्षं, दर रविवारी संध्याकाळी, इथे, याच टेबलावर. पानगळीत थापट्याचा नर हिरवा नसतो. जुनी पिसं गळून तो मादीसारखा मळकट झालेला असतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत. त्याला रंग चढायला अजून दोन महिने आहेत. गेल्या रविवारचं वाक्य मला पाठ आहे: नर-मादी वेगळे ओळखता येत नाहीत. तळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आज एकही हिरवं डोकं दिसलेलं नाही. ते तुमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर आहे. खिळ्याला टांगलेलं.”

भाऊजींनी पिळलेली टोपी टेबलावर ठेवली.

“आणि गेल्या रविवारी वहीत दोनाऐवजी एकच आकडा होता,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता खाली खाली जात होता. “तुम्ही दोघे वेगवेगळं मोजता, न बोलता, आणि दोन्ही आकडे लिहिता. त्याच्या आदल्या रविवारीही एकच. मला वाटलं, तुम्ही कंटाळा केलात.”

“माझं त्याच्याशी वाजलं होतं, वहिनी,” भाऊजी पुटपुटले. “तीन आठवडे झाले. तो म्हणाला, तिला सांगू नकोस, नाहीतर ती मला जाऊ देणार नाही. आज दुपारी गल्लीत कळलं की तो परतला नाही, आणि तुम्हाला दिलेला शब्द आठवून मी घाबरलो. मला वाटलं, मोठ्या तळ्यावरच जात असेल... तिथेच तर...”

“तुम्हाला वाटलं!” वहिनी ओरडल्या, इतक्या जोरात की फ्रिजवरचा फोन थरथरला असावा. “तुम्ही आज तिथे नव्हताच! तुम्ही ह्यांना आज पाहिलेलंसुद्धा नाही! मग माझी लेक, ती होडी आणि ती सगळी माणसं दोन तास त्या तळ्यात काय शोधतायत?”