शुमाची रूपं

कल्पना करा बरं, मुलांनो. इस्त्रीचं एक दुकान आहे. मोठ्या टेबलावर जाड कांबळं अंथरलंय आणि टेबलाखाली दोन बहिणी बसल्या आहेत. वर बाबांची इस्त्री फिरतेय, खाली दोघींची स्वतःची भाषा चाललीय. तिसऱ्या कुणाला ती येत नाही, असं त्यांना वाटतं.

त्या भाषेचा नियम एकच. शब्द ताईने काढायचा, त्याची रूपं ठेंगूने करायची. ठेंगू म्हणजे धाकटी.

एकदा पाणी शिंपडलेल्या चादरीवरून इस्त्री 'शुं' करत गेली. बाबांनी ती उचलली, तरी कापड ऊनच.

"ही मागे राहिलेली ऊब म्हणजे शुमा," ताई म्हणाली. "कर रूपं, ठेंगू! का बसणार नखं खात?"

ठेंगूने लगेच केली. पुष्कळ ठिकाणची ऊब म्हणजे शुमारी. उबेत म्हणजे शुमाके. संपलेल्या वस्तूच्या नावाला त्या 'वो' लावत; फुटलेल्या फुग्याला, चघळून संपलेल्या गोळीला. शुमाचं ते रूप मात्र तिने केलं नाही.

"ऊब कुठे संपते? उद्या पुन्हा इस्त्री तापणारच की!"

पुढे ताई आजारी पडली. तिच्या उशीखाली हात सरकवून ठेंगू रोज विचारायची, "शुमा?" ताई होकाराची मान हलवायची. एका सकाळी ताई गेली.

घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. बाबांनी दुकान उघडलं. ताईच्या चादरीची घडी घालता घालता ते पुटपुटले, "शुमावो."

ठेंगू टेबलाखालून उसळून बाहेर आली. "तुम्हाला कुणी सांगितलं? रूपं मी करते!"

"इतकी वर्षं तुमच्या डोक्यावरच उभा आहे गं. मी कान काय गहाण टाकले होते?" मग त्यांचा आवाज खाली आला. "चुकलं माझं, बाळा. तूच सांग, काय म्हणायचं?"

ठेंगूने ते रूप तोंडातून काढलं, की ताई खरंच गेली. नाही काढलं, तर ताईचा शब्द अर्धाच राहणार. आणि अर्धवट काम ताईला मुळीच खपत नसे.

"शुमावो," ती कशीबशी म्हणाली आणि बाबांच्या कमरेला बिलगून हमसाहमशी रडली. बाबांनी इस्त्री बंद केली.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. ती टेबलाखाली शिरली आणि भिंतीकडच्या ताईच्या जागेवर सरकून बसली.

"बाबा, वाका ना जरा."

ते वाकले. तिने त्यांच्या कानात एक नवा कोरा शब्द सांगितला. म्हणाली, "याची रूपं आता तुम्ही करायची."