बिनहाडाचा अंगठा

सादेत आब्लाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, आपल्याला हिझिर भेटल्याचं मला सांगितलं तेव्हा मी वांगी तळत होते. मी आधी गॅस बंद केला. आमच्या आब्लाच्या बातम्या ऐकताना हातात गरम काही नसलेलं बरं.

"कुठे भेटला?"

"आयासोफिया मशिदीत. परवा, पहाटेच्या नमाजानंतर, घामाच्या खांबापाशी."

"आणि काय म्हणाला, नमस्कार, मी हिझिर?"

"तो कधी स्वतःहून सांगतो का, वेडे? मी त्याचा हात हातात घेतला आणि अंगठा दाबून बघितला. आत हाड नाही, नेझाहत. नुसतं मांस."

आता हिझिरला मरण नाही, तो वेश पालटून फिरतो आणि अडल्यानडल्याला गाठतो, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. ओळखायची खूण एकच, उजव्या अंगठ्यात हाड नसतं. जुनी माणसं अनोळखी पाहुण्याशी हात मिळवताना हळूच त्याचा अंगठा चाचपून घ्यायची. आणि आयासोफियात सलग चाळीस दिवस पहाटेचा नमाज पढला की तो भेटतोच, असंही म्हणतात. आब्ला वसंतापासून रोज धापा टाकत तो चढ चढत होती, ती याच्यासाठीच. मला मात्र सांगायची, पाय मोकळे होतात म्हणून जाते.

मी संशयी बाई आहे, ते काही लपवत नाही. लिंबूसुद्धा हुंगल्याशिवाय घेत नाही. नवरा होता तोवर त्याच्यावरही नजर ठेवायचे, आणि तो बिचारा खरोखरच फुटबॉल बघायला जायचा.

"मग या हिझिरने तुला काय दिलं?" मी विचारलं.

"मी विचारलं, माझं हृदय बरं होईल का? तो म्हणाला, होईल, घाबरू नका, सगळं ठीक होईल." आब्लाने वांग्याची एक फोड उचलून तोंडात टाकली. "म्हणून मी काल इस्पितळात फोन केला. म्हटलं, ऑपरेशन नको. तारीख दुसऱ्या कुणाला द्या."

आब्लाच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं, शस्त्रक्रिया झाली तर बरीच वर्षं आहेत, नाही झाली तर पुढचा हिवाळा बघतील असं धरून चालू नका. ती तारीख मिळवायला मी त्या इस्पितळात कुणाकुणाचे पाय धरले ते मलाच ठाऊक. आणि ही बया ती फोनवरून वाटून मोकळी झाली, तेही कुठल्या तरी कोपऱ्यातल्या माणसाच्या अंगठ्यापायी.

रात्रभर डोक्यात चक्र चालू होतं. आम्ही राहतो इस्तंबूलच्या जांकुर्तारानला, आयासोफियाच्या उताराखाली. गच्चीवरून समुद्र दिसतो. आजूबाजूच्या घरांची एक एक करत हॉटेलं झाली, आणि दर महिन्याला कुणी तरी चकचकीत बुटांचा माणूस आमचं दार वाजवून गोड बोलतो. दोन म्हाताऱ्या, दोघींना मूलबाळ नाही, एक आजारी. एखाद्या बनेलाने आब्लाला हेरलं असणार, रोज पहाटे येणारी भाबडी बाई, आणि अंगठ्याची काही तरी हातचलाखी करून तिला गळाला लावलं असणार. आज म्हणतो ऑपरेशन नको, उद्या म्हणेल या कागदावर सही कर. कुठे तरी पाणी मुरत होतं, आणि ते मी शोधणार होते.

दुसऱ्या पहाटे मी डोक्याला रुमाल बांधून तिच्या आधी दारात उभी.

"तुला कधीपासून पुण्य हवंसं झालं?" आब्ला म्हणाली.

"तुझ्या हिझिरला म्हणावं, माझेही गुडघे बघ."

चढावर ती तीनदा थांबली. प्रत्येक वेळी म्हणाली, हवा किती छान आहे. हवा कसली, तिचे ओठ निळे पडले होते. मी बोलले असते तर ओरडलेच असते.

आत बूट पिशवीत घालून आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. वर घुमटाच्या कोपऱ्यांत, इथे चर्च होतं तेव्हाचे, ते सहा पंखांचे देवदूत, आणि समोर मरियमच्या चित्रावर ओढलेला पडदा. लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे मान वर करायचं काही कारण नव्हतं. मी पुरुषांच्या रांगा बघत होते.

सापडला. सगळे वाकले तेव्हा एक माणूस वाकला नाही. पार मागे, खांबाच्या आडोशाला उभा होता. राखाडी कोट, नीट कापलेल्या मिशा, हातात टोपी. सगळे मक्केकडे तोंड करून, आणि हा त्या पडद्याकडे बघतोय. नमाज संपला तसा तो घामाच्या खांबाकडे गेला. त्या खांबाला बारमाही ओल सुटते, म्हणून घामाचा; त्याला तांब्याचा पत्रा आहे आणि त्यात अंगठा जाईल एवढा खड्डा. इमारत मक्केकडे वळवायला हिझिरनेच तिथे अंगठा रोवला होता म्हणतात. लोक त्यात अंगठा घालून हात फिरवतात आणि मनात काही मागतात. या गृहस्थाने मात्र आजूबाजूला पाहिलं, खिशातून पांढरा रुमाल काढला, अंगठ्याला गुंडाळून खड्ड्यात बराच वेळ दाबून धरला, आणि पुन्हा घडी करून आतल्या खिशात ठेवला. साधा माणूस आधी आजूबाजूला बघत नाही.

"तोच ना?" मी आब्लाच्या कानाशी म्हटलं.

"तोच. आज त्याला त्रास देऊ नकोस. माझी माळ जपायची आहे अजून."

"तू जप. मी बाहेर जरा मोकळ्या हवेत बसते."

तो बाहेर पडला आणि मी त्याच्या मागोमाग. चौकापलीकडे चिनाराखाली चहाची बाकं आहेत, तिथे तो बसला. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन बसले.

"मी सादेत हानिमची, खांबापाशी तुमचा हात दाबणाऱ्या बाईंची बहीण, नेझाहत. तुम्ही कोण?"

तो दचकला. मग अगदी साळसूदपणे म्हणाला, "हिकमेत. निवृत्त आहे."

एवढ्यात चहावाला आला आणि त्याच्यापुढे ग्लास ठेवत म्हणाला, "पांदेली उस्ता, साखर दोनच आणली. वहिनींचं कसंय?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. रंगेहाथ पकडला होता. हिकमेत नाही, पांदेली. म्हणजे मुसलमानही नाही, इथलाच ग्रीक.

"बरं झालं, चहावाल्याला खरं नाव माहीत आहे," मी म्हटलं. "आता अंगठा दाखवा."

त्याने निमूटपणे हात पुढे केला. मी दाबला. शहाराच आला अंगावर. खरंच आत काही नव्हतं, ओल्या कणकेसारखा दबत गेला.

"बेयोग्लूला टोप्या करायचो, म्हणून उस्ता म्हणतात, कारागीर," तो म्हणाला. "तरुणपणी साच्यात सापडला. हाडाचा चुरा झाला होता, डॉक्टरांनी काढून टाकला. त्या दिवशी तुमच्या बहिणीने हात दाबला आणि रडायलाच लागल्या. मला वाटलं, कीव आली असेल."

"कीव? हिझिर समजली ती तुम्हाला."

त्याचा ग्लास हातातच राहिला. नाटकी माणसाचा चेहरा असा नसतो, हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्याचाच राग आला. इतकी तयारी करून यावं आणि समोर बदमाश नसावा, म्हणजे काय.

"मग खोटं नाव का सांगितलंत?"

"अनोळखी माणसाला तेच सांगायचं, असं वडिलांनी शिकवलं. एकेकाळी आमच्या लोकांची दुकानं फोडायचे, तेव्हा गरज होती. आता जीभच वळते." तो ओशाळून हसला. "आणि तिथे माझ्यासारख्याने रोज यायचं म्हणजे उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको. तुम्ही मला आत्ता ज्या नजरेने बघताय ना, ती मला ठाऊक आहे."

मी नजर वळवली नाही. "रुमाल कशासाठी?"

त्याने तो काढून टेबलावर ठेवला. एका जागी ओला डाग होता. आमच्यात तो हिझिरचा खांब, त्यांच्यात कुणा चमत्कारी संताचा. त्याचं पाणी डोळ्यांना लावतात म्हणे. त्याची आईही असंच न्यायची.

"बायकोसाठी," तो म्हणाला. "एव्दोकिया. डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, लगेच कापू. ती घाबरली. मी म्हटलं, घाबरू नको, सगळं ठीक होईल, मी खांबाचं पाणी आणतो, थोडं थांबू. थांबलो आम्ही."

"आणि?"

"आता खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं तिला. तरी रोज रुमाल मागते. मी आणतो. आता नको कसं म्हणू तिला?"

घाबरू नका, सगळं ठीक होईल. अगदी तेच शब्द त्याने माझ्या बहिणीला दिले होते. मी त्याला सगळं सांगितलं, झडप, तारीख, फोन, हिवाळा. तो ऐकता ऐकता पांढरा पडत गेला.

"मग एक करा," मी म्हटलं. "आत चला आणि तिला सांगा, ऑपरेशन कर. तुम्ही हिझिरच आहात असं ती समजते, समजू द्या. तुमचं एका वाक्याचं काम."

"नाही."

"हिकमेत व्हायला जमतं, हिझिर व्हायला जमत नाही?"

"हिकमेत झालो तो स्वतःची कातडी वाचवायला, हानिम. तिथे उभं राहून तिच्या तोंडावर खोटं बोलणार नाही. खरं ते सांगेन. सगळं."

"खरं सांगितलंत तर तिचा विश्वास मोडेल. मग ती कुणाचंच ऐकणार नाही. माझं तर आधीच ऐकत नाही."

पण तो उठलाच होता. चहा तसाच ठेवून, टोपी हातात घेऊन चालायला लागला. मी मागून शिव्या देत, खरं सांगायचं तर त्याच्यामागे धावत.

आब्ला भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर गालिच्यावर बसला आणि धडाधडा बोलून मोकळा झाला. माझं नाव पांदेली. मी ख्रिस्ती. अंगठा टोप्यांच्या साच्यात गेला. मी तुम्हाला ठीक होईल म्हटलं, तसंच बायकोला म्हटलं होतं, आणि तिचे डोळे गेले. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. डॉक्टर सांगतात ते करा.

मी आब्लाचं तोंड बघत होते. आता ही कोसळणार, असं मला वाटलं. तिने फक्त त्याचा हात पुन्हा हातात घेतला.

"साच्यात गेला तेव्हा फार दुखलं?"

"दुखलं."

"आणि डॉक्टरांनी कापलं तेव्हा?"

"कापायच्या आधी फार भीती वाटली. नंतर दुखलं, पण भीती नव्हती."

आब्लाने मान हलवली. "एव्दोकिया हानिमना माझा सलाम सांगा," ती म्हणाली. तो गेला. दाराशी त्याने वळून पडद्याकडे पाहिलं आणि कोटाच्या बटणापाशी बोटांनी अगदी छोटा क्रूस काढला.

उतरताना आब्ला अर्ध्या वाटेत एका हॉटेलाच्या पायरीवर बसली. मीही बसले. आता समजूत कशी घालावी याची मी जुळवाजुळव करत होते.

"वाईट वाटून घेऊ नकोस, आब्ला. कुणाचीही फसगत झाली असती. अंगठा तर खरंच..."

"माझी फसगत एक दिवस झाली," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी त्याला क्रूस काढताना बघितलं. कोटाच्या बटणापाशी, आत्तासारखाच."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? मग फोन का केलास?"

तिने डोक्यावरच्या रुमालाची गाठ सैल केली.

"मला भीती वाटते, नेझाहत. छाती उघडतात. हृदय थांबवतात. कुणी तरी म्हणायला हवं होतं की नको करूस, आणि तो भला माणूस नकळत म्हणाला. मी तेच धरून ठेवलं. हिझिरने सांगितलं म्हटलं की कुणी पुढे बोलत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रिपोर्ट बघायचीस. तारखा बघायचीस. डॉक्टरीण खरी आहे का, इंजेक्शन जुनं तर नाही ना, सगळं तपासायचीस. माझ्याकडे कधी बघितलंस?"

मी, लिंबू हुंगणारी. अख्ख्या इस्तंबूलवर संशय घेतला आणि शेजारच्या खोलीतली भीती मला दिसली नाही. तिथे पायरीवर बसून मी रडले, आणि हॉटेलातला एक पाहुणा आम्हाला वळसा घालून आत गेला.

"पुरे आता," आब्ला म्हणाली. "फोन लाव. तारीख परत माग. पाय धर कुणाचे तरी, तुला जमतं ते."

मी फोन काढला. पलीकडे घंटा वाजत होती. तेवढ्यात तिने माझा मोकळा हात ओढून घेतला आणि अंगठा करकचून दाबला.

"काय करतेस, दुखतंय."

"हाड आहे," ती म्हणाली. "बरं आहे. आत नेतील तेव्हा हाच धरायचा आहे मला."