भिंतीकडची जागा

आमच्या खोलीत झोपायच्या जागाही ठरलेल्या होत्या. बाबा बस चालवायचे, पहाटेच निघायचे, म्हणून त्यांची वळकटी दाराशी. मग दोघे भाऊ, आई, मी, मालकांची मुलगी आणि शेवटी भिंतीकडे आत्या. भिंतीकडे म्हणजे राजेशाही थाट, एका बाजूनं तरी कुणाची लाथ नाही. ती जागा आत्यानं कधी कुणाला दिली नाही. आज माझ्या घरात हव्या तेवढ्या भिंती आहेत, पण "ए, सरक की" म्हणणारं कुणी नाही. मला त्या दाटीवाटीची फार आठवण येते.

मालकांची मुलगी आमच्यात कशी, तर अख्खी इमारत त्यांची, पण खोलीखोलीत भाडेकरू ठाण मांडून बसलेले. कायद्यामुळे भाडं वाढवता येत नव्हतं, कुणाला काढता येत नव्हतं. मालकांच्या वाट्याला एक खोली, तिथं मुलगा, सून आणि तान्हं बाळ. मालकीणबाई कधीच गेल्या होत्या. मालक स्वतः जिन्याखाली खाट टाकायचे आणि त्यांची मुलगी, आमची ताई, उशी काखोटीला मारून आमच्याकडे यायची. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण मशीन ठेवायला जागाच नव्हती.

"मला खोली मिळाली ना, की मशीन खिडकीशी ठेवीन," ती अंधारात माझ्या कानाशी म्हणायची. खिडकी आमचीच होती. तिनं तसं म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या वर्षी भाडेनियंत्रण कायद्याची मुदत संपत आली. मालक येऊन बाबांना म्हणाले, "आधीच सांगून ठेवतो. मुदत वाढली नाही, तर ही खोली मला लागेल. राग मानू नका."

"राग कसला, मालक? पण आम्ही जायचं कुठं?"

"तेच तर मलाही कळत नाही हो."

बाबांनी गावभर चपला झिजवल्या. रिकामी खोली नव्हतीच. आईनं निम्मी भांडी ट्रंकेत भरून ठेवली.

मुदतीचा निर्णय व्हायचा होता, त्या संध्याकाळी मालक आमच्याकडेच बातम्या ऐकायला आले. त्यांच्या खोलीत बाळ झोपलं होतं, रेडिओ लावायची सोय नव्हती. बाबांनी ट्रंकेवरची भांडी उचलून त्यांना बसायला दिलं. बातमी आली, कायद्याला मुदतवाढ मिळाली होती. धाकटा भाऊ ओरडला आणि बाबांनी डोळे वटारताच गप्प झाला. मला तर आनंदानं रडू येत होतं, पण मालकांकडे बघायचा धीर होईना.

दारात ताई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मालक गुडघ्यावर हात देऊन उठले. "बरं झालं," ते बाबांना म्हणाले. "तुमचा जीव टांगणीला लागला होता." मग खिडकीकडे क्षणभर बघून त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, ताईला आजही इथं झोपू द्याल ना?"

आत्या उठली. भिंतीकडची आपली गादी ओढून तिनं माझ्याशेजारी टाकली, रिकाम्या जागेवर धुतलेली चादर अंथरली आणि ताईच्या हातातली उशी घेऊन तिथं ठेवली.

"ये ग," ती म्हणाली. "आजपासून ही तुझी."