घरपोच सही

मागच्या पंचवार्षिकला आमच्या बौद्ध वस्तीची जागा बाईसाठी राखीव निघाली. मी पुंजाराम पाटलाच्या रानात कापूस वेचायची. त्यानंच मला ग्रामपंचायतीत बिनविरोध मेंबर केलं. सभेला कधी बोलावलंच न्हाई. शिपाई रजिस्टर घरी आणायचा, मी भाकरीचे हात पुसून सही करायची. मला चांगलं वाचता येतं. पण वाचलं न्हाई.

औंदा श्रावणात माझे मालक गेले. मसणवट्याच्या वाटेला गुडघाभर चिखल. खांदेकरी दोनदा घसरले. तिसऱ्या दिवसाचा विधी झाल्यावर मी तडक पंचायतीत गेले. "आमच्या वस्तीपासून मसणवट्यापर्यंतचा रस्ता मंजूर झाल्ता, तो कुठं गेला?" ग्रामसेवकानं ठराव दाखवला. रस्ता पाटलाच्या मळ्याकडं वळवला होता. खाली माझी सही होती.

आता पुन्हा निवडणूक लागली. पाटील फॉर्म घेऊन दारात आला. "कौसल्याबाई, सही करा. बाकीचं मी पाहतो."

मी फॉर्म घेतला, ओट्यावर बसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.

"जल्दी करा, घनसावंगीला तहसिलात फॉर्म भरायला जायचंय."

"थांबा, पाटील," मी म्हणले. "मागच्या खेपेला जल्दीच केल्ती. माझा माणूस चिखलातून गेला."