घंटाफुलांचं पाणी

तिच्या माहेरी वसंत आला की मुली रानातली घंटाफुलं एकमेकींना देत. झाडांना पालवी फुटायच्या सुमाराला, सावलीत, दोन रुंद पानांमधून पांढऱ्या इवल्या घंटांचा तुरा वर यायचा. पहिला गुच्छ ज्याच्या हाती, त्याचं वर्ष सुखाचं. सासरी मात्र हे फूल उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, असा दंडक होता. आणलं की घरातलं माणूस जातं म्हणे.

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी तिला हे पटलं नव्हतं. त्या शनिवारी रानवाटेने येताना तिने गुच्छ आणला आणि पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग काढून त्यांनी गुच्छाकडे पाहिलं आणि बाहेर ठेव म्हणाले. तिने हसण्यावारी नेलं. त्या रात्री ते जेवायला उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फुलं उंच बरणीत हलवली. पेला पाण्यासकट तसाच ओट्यावर राहिला. शिवणयंत्रावर पडद्याची एक बाजू उरकून ती परत आली, तर पेला रिकामा.

"बाबा, यातलं पाणी कुठे गेलं?"

"त्याच्याबरोबर गोळी घेतली. कडवट लागलं जरा."

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने खालच्या औषधवाल्याला फोन लावला. फुलांचं वर्णन ऐकताच त्याने तिला मधेच थांबवलं.

"वहिनी, ते फूल विषारी आहे. विष पाण्यात उतरतं, थेट हृदयावर जातं. आधी रुग्णवाहिका बोलवा."

तिने लगेच रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता सांगताना तिला स्वतःच्या घराचा नंबर आठवेना. नवरा मालट्रक घेऊन दोन दिवसांच्या अंतरावर होता. सासऱ्यांना एकदा उलटी झाली. मग ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने खुर्चीत टेकले आणि मनगटावर बोट ठेवून, टेबलावरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागले.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले. "मधला एखादा चुकतोय."

एखाद्या गिऱ्हाइकाला घड्याळातला बिघाड सांगावा, तसं सांगितलं त्यांनी. गाडी येईपर्यंत ती त्यांचा दुसरा हात घट्ट धरून बसली. आपण यांना मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

संध्याकाळी रुग्णालयात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पाणी थोडंच पोटात गेलं होतं, धोका टळला होता; पण दोन दिवस लक्ष ठेवावं लागणार होतं. ती आत गेली ती रडतच.

"चुकलं माझं, बाबा."

त्यांनी ते ऐकलंच नाही. "पाण्यात विष उतरतं, असं म्हणाल्या का डॉक्टरीणबाई?"

"हो. लहान मुलाला तर दोन घोटही पुरतात."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग हळूहळू सांगू लागले. सात वर्षांचे असताना त्यांनीच हा गुच्छ घरी आणला होता, तापाने पडलेल्या धाकट्या बहिणीसाठी. तिच्या उशाशी पेल्यात ठेवला. दोन दिवसांत ती गेली. पोरानेच घरात मरण आणलं, असं सगळे म्हणाले, आणि त्यांनी ते जन्मभर खरं मानलं.

"तापात तिला सारखी तहान लागायची," ते म्हणाले. "पेला रिकामा होता, सूनबाई. पाणी कुठे गेलं, कुणी विचारलंच नाही."

थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं. तिने नवी बाटली उघडली, आधी स्वतः घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि मगच त्यांच्या ओठांना लावली.