आबांचा फराळ

वाटी आली ती थेट माझ्या शिलाई मशीनवर. मी पडवीत बसून ब्लाउजची बाही जोडत होते. तेवढ्यात कुंपणावरून काहीतरी उडत आलं आणि कोऱ्या कापडावर दुधी भोपळ्याची खीर पसरली. कापड गिऱ्हाइकाचं! मी ताडकन उठले.

"आबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"माझं आहे गं! माझ्या सुनेचं बघ जरा!" कुंपणापलीकडून म्हातारा काठी आपटत ओरडला. "ह्याला खीर म्हणतात? भांडी विसळलेलं पाणी पाजते मला. तेही उपवासाच्या दिवशी!"

सून मागे उभी. हात मातीने भरलेले, नुकतीच वाफ्यातून उठून आलेली. ती तशीच फाटकातून आली, माझं कापड उचललं आणि धुवायला घेऊन गेली.

आबांची सगळी हयात विहिरी खोदण्यात गेली. अंगाने पहाड माणूस. बायको होती तोवर आयुष्यात एक उपवास धरला नाही त्यांनी. ती धरायची आणि हे तिच्या ताटातला फराळ हादडायचे. ती बिचारी गेली. मग आबांना साखरेचा आजार निघाला, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोड बंद केलं, आणि म्हातारा रातोरात देवभक्त झाला. आधी आठवड्यातून एक उपवास, मग दोन, मग अधूनमधून स्वप्नात देव येऊन तिसरा सांगायला लागला. जेवणातलं गोड काढता येतं हो, पण उपवासाच्या फराळाला नाही कोण म्हणणार? म्हातारा वाटतो तेवढा भोळा नव्हता.

त्यातच विहिरीवरच्या तुटक्या तारेचा तुकडा टाचेत घुसला. जखम भरायचं नाव घेईना. नर्सबाईंनी पाय उलटापालटा करून बघितला आणि सुनेला बाजूला घेतलं. मीही होते सोबत.

"साखर खाली आणली नाही तर पाय कापावा लागेल. उपवास आधी बंद करा."

"ते ऐकणार नाहीत. म्हणतात, मेलो तरी सोडणार नाही."

"मग निदान हलकं द्या. थोडं थोडं, दिवसातून चारदा. गूळ नाही, साखर नाही, तूप नाही."

सुनेने ते असं मनावर घेतलं की काय सांगू. शेतावरून उन्हाची येऊन चुलीपुढे बसायची. दूध तापवून साय काढायची, दुधी बारीक किसून त्यात मंद आचेवर आटवायची, वेलदोडा सढळ हाताने. दुधीही घरचाच, गोठ्यामागच्या वेलावरचा, कोवळा असतानाच काढलेला. राजगिऱ्याच्या लाह्या ताकात भिजवून त्यावर जिऱ्याची फोडणी. पेरूच्या फोडी. भाजलेले शेंगदाणे, तेही मोजकेच. खिरीत साखरेचा कण नसायचा, पण मी खाल्लीय ती खीर. मागून घेऊन खाल्लीय. आमच्या घरच्या तुपातल्या शिऱ्याला ती चव नाही, खोटं कशाला बोलू?

आणि आबांच्या उपवासाला हीसुद्धा उपाशी राहायची. "त्यांच्यापुढे भाकरी कशी खाऊ हो? त्यांना वास येतो," म्हणायची. फराळ त्यांच्यापुरताच करायची आणि स्वतः पाणी पिऊन खुरपायला जायची. संध्याकाळी जखम धुवायची, पू काढायची, पट्टी बांधायची. नवरा ट्रॅक्टर हाकून आला की हात धुऊन पाटावर. बापाच्या पायाकडे बघितलं की त्याला मळमळायचं म्हणे!

एवढं करून साखर खाली येईना. नर्सबाई सुनेवरच उखडल्या. "मला वेड्यात काढता का? घरात गोड देता आणि इथे तोंड पाडून बसता?" भर दवाखान्यात, सगळ्यांसमोर. परतताना वाटेत सून मला म्हणाली, "माझ्या हातून काय चुकतंय तेच कळत नाही हो. दुधीसुद्धा बंद करू का आता?"

कळलं ते मुंग्यांमुळे. आबांचा सदरा खुंटीला होता आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट खिशात. तिने खिसा उलटा केला. गुळाच्या लाडवाचा भुगा, तुपाचे डाग आणि एक अख्खी खोबऱ्याची वडी.

उपवासाच्या दिवशी आबा काठी टेकत देवळात जायचे ना, ते देवळात कमी आणि गल्लीतच जास्त असायचे. दारात उभं राहायचं, एक उसासा टाकायचा. "काही नाही गं पोरी, जरा टेकतो. सकाळपासून पोटात काही नाही." झालं! कुणी बटाट्याचा शिरा द्यायची, कुणी आटवलेलं दूध, कुणी लाडू. देणारीला पुण्य, खाणाऱ्याला गोड, आणि वर दोघांना मिळून सुनेची निंदा फुकटात.

ती दुसऱ्याच दिवशी नळावर गेली. बायका हंडे लावून उभ्या होत्या. हिने हात जोडले, अक्षरशः हात जोडले.

"आबांना गोड देऊ नका हो. त्यांचा पाय जाईल."

दुकानदारीण पुढे झाली. गल्लीत तिचा शब्द चालतो, कारण सगळ्यांचं वाणसामान तिच्याकडून येतं. "तू घालत नाहीस म्हणून आम्ही घालतो. म्हातारं माणूस दारात येऊन उपाशी आहे म्हणतंय, त्याला हाकलू?"

"उपाशी नाहीत ते. मी दिवसातून चारदा देते."

"काय देतेस? दुधीचं पाणी? अगं, घरात दोन म्हशी आणि सासऱ्याच्या खिरीत साय नाही! साय कुणाच्या पोटात जाते मग?"

बायका खो खो हसल्या. मी मध्ये पडले, "नर्सबाईंनी सांगितलंय, मी स्वतः ऐकलंय," तर मला म्हणतात, "तुला शेजारधर्म बरा सुचला! ती साय तुझ्याकडे येते वाटतं?" माझा हंडा अर्धाच भरला होता, तसाच उचलून मी घरी आले. दुसरं काय करणार? सगळ्यांपुढे मी एकटी.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. अंगणात कुंपण असलं तरी घरं भिंतीला भिंत लागून, ऐकू येतंच.

"एवढ्या बायका बोलतात म्हणजे काहीतरी असेलच ना," तो म्हणाला. "जरा साखर टाकलीस तर काय बिघडेल? माझं नाव खराब होतंय."

"आणि पाय?"

"आबांनी विहिरी खोदल्यात आयुष्यभर. असल्या जखमा किती झाल्या आणि किती गेल्या."

ही जखम गेली नाही. टाच काळी पडली, मग घोटा. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा आबांना शुद्ध नव्हती. पाय गुडघ्याखाली कापला. तिथल्या खाटेपाशी सून बसून होती, मुलगा बाहेर ट्रॅक्टरच्या मालकाला फोनवर रजा मागत होता. शुद्धीवर आल्यावर आबा दुसऱ्या पायाला मुंग्या येतात म्हणाले तेव्हा डॉक्टरांनी तोही बघितला आणि बजावलं, असंच चाललं तर हाही वाचणार नाही.

आबा घरी आले. आणि आठवडा उलटायच्या आत पहिला उपवास. मला वाटलं, आता तरी गल्ली शहाणी होईल. कसली होते! दुपारी बघते तर दुकानदारीण पुढे आणि मागे चौघीजणी, प्रत्येकीच्या हातात झाकलेली वाटी. आजाऱ्याला बघायला आल्या होत्या. तुपाचा वास माझ्या पडवीपर्यंत आला. माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली आणि त्यांच्या मागोमाग गेले.

सून उंबऱ्यात उभी राहिली. "बसा. पण ते आत जाणार नाही."

"अगं, आता तरी!" दुकानदारीण म्हणाली. "पाय गेला बिचाऱ्याचा. आता उरलं काय त्याचं? खाऊ दे चार घास गोडाचे."

"ह्या वाट्यांनीच गेला तो पाय."

"ऐका! म्हणजे आम्ही कापला?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही कापला."

तेवढ्यात आतून आबांची हाक आली, अगदी लाडात. "कोण आलंय गं? आत येऊ दे की त्यांना. वास तर फार छान येतोय!"

"बघ! तोंडाने मागतोय म्हातारा," दुकानदारीण म्हणाली आणि मुलाकडे वळली. तो ओट्यावर बसला होता, खाली मान घालून. "तू बोल रे. घर तुझं आहे ना?"

"अरे, बोल की!" मीही म्हणाले. "आता नाही बोललास तर कधी बोलणार?"

तो बायकोकडे न बघता म्हणाला, "एक दिवस खाऊ दे त्यांना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हात पुढे केला. "द्या." दुकानदारणीने विजयी मुद्रेने वाटी दिली. मला वाटलं हरली ही. पण ती आत वळली नाही. झाकण काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या शिरा खायला लागली. बोटांनी, बकाबका. एक वाटी संपली, दुसरी ओढून घेतली. लाडू, दूध, वड्या. सकाळपासून पाण्यावर होती, तूप हनुवटीवरून ओघळत होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. कुणी तिला थांबवलं नाही. आतून आबा विचारत होते, "अगं, आणतेस ना? आणतेस ना?"

पाचवी वाटी तिने निपटून काढली आणि बायकांपुढे ठेवली. "फेकलं तर अन्नाला लाथ मारली म्हणाल. परत दिलं तर मागच्या दाराने आणाल. उद्या या, परवा या. जेवढं आणाल तेवढं मी खाईन."

बायका गेल्या. ती गोठ्यामागे गेली आणि ते सगळं ओकली. मी कपाळ धरून उभी होते तिचं. जळत होतं अंग, आणि किती हलकी झाली होती ती! उपाशी पोटाला एवढं तूप सोसतं का कधी?

संध्याकाळच्या आत गल्लीभर झालं. बघितलं ना? आम्ही म्हणतच होतो. लंगड्या सासऱ्याच्या तोंडचा घास काढून खाल्ला हो, आमच्या डोळ्यांदेखत, वाट्या चाटूनपुसून! आजही नव्या सुनांना ही गोष्ट सांगतात, सून कशी नसावी म्हणून. नवराही अधूनमधून ऐकवतो तिला. आबा तर येईल त्याला सांगतात, माझ्या वाटणीचे लाडू हिने खाल्ले.

वाट्या घेऊन मात्र पुन्हा कुणी आलं नाही. आबांचा दुसरा पाय शाबूत आहे.