दुर्गाबाईने न जाळलेले कपाट

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात दाराशेजारी उभे असलेले जुने सागवानी कपाट म्हणजे मी. माझे वय एकशे चाळीसच्या पुढे आहे. तुम्ही माझ्यात नकाशे आणि खडूचे डबे ठेवता. मी म्हातारे आहे, म्हणून मायाळू असेन, असे तुम्हाला वाटते. तसे नाही. आयुष्यभर मी एका माणसाचे वाईट चिंतीत आले आहे. का, ते आज सांगते.

माझा जन्म जालन्याचा. तेव्हा निजामाचे राज्य होते आणि गावाबाहेरच्या छावणीत गोऱ्यांचे बंगले होते. अशाच एका बंगल्यात एका साहेबाने गुप्तविद्येची सभा काढली होती. हिमालयात अदृश्य महात्मे राहतात आणि त्यांची पत्रे आपल्याकडे आपोआप येतात, असे तो सांगे. त्या पत्रांसाठी त्याने मला करवून घेतले. मला घडवले कमरोद्दीन मिस्त्रीने. त्याचे काम असे की माझ्या दारांच्या फटीत दोराही जात नसे. पण साहेबाच्या हुकुमावरून त्याने माझ्या पाठीत एक सरकती फळी बसवली. मला ज्या भिंतीला टेकवले, तिला त्याच जागी भोक होते आणि भिंतीपलीकडे साहेबाची निजायची खोली.

सभेला लोक जमत, मला हार घालत, धूप दाखवत. मागून साहेबाचा हात येई, पत्र ठेवी आणि फळी सरकवून जाई. मग समोरचे दार उघडले की सगळे हात जोडत. एवढे कौतुक कुठल्या कपाटाच्या वाट्याला आले असेल? आणि एवढी लाज?

तिसऱ्या वर्षी सोमेश्वर आला. पंचविशीचा, जालन्यातल्याच कादराबाद भागातल्या शाळेत शिकवणारा, सरळ मनाचा. साहेबाचे बोलणे तो मराठीत करून सांगे. महात्म्यांनी पत्रातून त्याला आधी मांसमद्य सोडायला सांगितले, जे त्याने कधी घेतलेच नव्हते. मग नोकरी सोडायला सांगितली. मग घर. पत्नी दुर्गाबाई आणि तान्ही मुलगी यांना टाकून तो बंगल्याच्या ओसरीवर राहायला आला. प्रत्येक पत्र वाचताना त्याचे डोळे भरून येत. मी ते जवळून पाहिले आहे. तेव्हापासून मला त्या साहेबाच्या हाताचा राग आहे.

दुर्गाबाईच्या शेजारीच कमरोद्दीनचे घर होते. लेकराला घेऊन एकटीच राहणाऱ्या त्या बाईला पाहून त्याच्याने राहवले नाही. त्याने तिला फळीचे सांगून टाकले. ती रडली नाही. पुढच्या सभेच्या दिवशी, साहेब पाहुण्यांचे स्वागत करीत असताना, ती झाडणाऱ्या बायांबरोबर साहेबाच्या निजायच्या खोलीत शिरली.

भर दुपारी पन्नास माणसांसमोर सोमेश्वरने माझे दार उघडले. माझ्या पोटातून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला. हात रिकामा होता, तळवा वर केलेला. पलीकडून आवाज आला, "तुमच्या म्हात्म्यांनी माझा माणूस नेला. त्यो मागायला आले."

मला वाटले, झाले, साहेब संपला. पण तो फार हुशार होता. तो जड आवाजात म्हणाला की आपल्या लाडक्या शिष्याने आणि त्याच्या बायकोनेच ही फळी कापली, सगळी पत्रे सोमेश्वरचीच. नाहीतर या बाईला फळीचे कळले कसे? कमरोद्दीनला बोलावले. त्याने जमिनीकडे पाहत सांगितले की आपण साधे कपाट केले होते, फळीचे काही ठाऊक नाही. छावणीतली सगळी कामे त्याला साहेबाकडून मिळत.

सोमेश्वर वाद घालत बसला नाही. त्याने फळीच्या खाचेतून बोट फिरवले. खाच तेल देऊन गुळगुळीत केलेली होती. पलीकडे साहेबाचा पलंग दिसत होता. त्याला कळले. दुर्गाबाईला तो एवढेच म्हणाला, "महात्मे खरंच असले तर त्यांना घेऊन येतो. नसले, तर कोणत्या तोंडानं येऊ?" तो उत्तरेकडे चालत गेला. परत आला नाही.

साहेब विलायतेला गेला तेव्हा बंगल्यातले सामान विकायला काढले. दुर्गाबाईने मला घरी नेले. मी तिच्या अंगणात उभे होते, बाजूला काडेपेटी होती. तिने पेटी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाली, "साक्षीदार जाळायचा नसतो. तुला एक दिवस बोलतं करीन." तिने माझ्यात गोवऱ्या भरल्या. कमरोद्दीनशी ती मरेपर्यंत बोलली नाही. लेकीला मात्र तिने सगळे तोंडपाठ करून दिले. लेकीने तिच्या लेकीला दिले.

गेल्या वर्षी साहेबाच्या त्या सभेचा मोठा उत्सव झाला. स्मरणिका निघाली. तिच्यात छापले होते की तिसऱ्या वर्षी सोमेश्वर नावाचा एक लबाड शिष्य सभेत शिरला आणि त्याने थोर संस्थापकांना बदनाम केले. ती स्मरणिका दुर्गाबाईच्या वंशातल्या रामप्रसाद सरांच्या हाती पडली. तुमचेच सर. त्यांनी मला घरातून काढून टेम्पोत घातले आणि सोबत इम्रान मिस्त्रीला घेतले. इम्रान कमरोद्दीनच्याच घरातला.

उत्सवाच्या भरल्या सभागृहात इम्रानने माझी पाठ सगळ्यांकडे फिरवली. त्याने सांगितले की फळीची खाच बाजूच्या फळ्यांना आतून कोरलेली आहे. कपाट जोडायच्या आधीच ती कोरावी लागते, मागून जमत नाही. कपाट पहिल्या वर्षीचे, सोमेश्वर तिसऱ्या वर्षीचा, हे तर स्मरणिकेतच होते. मग तो हळू म्हणाला, "आमच्या घरात सगळ्यांना मालूम होतं. आमच्या बड्या लोकांनी तोंड बंद ठेवलं. ते बराबर न्हाई केलं."

सभेचे सचिव म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. सर म्हणाले, आत्ता, माइकवर. सचिवांनी घाम पुसला आणि उच्चारले, "सोमेश्वर लबाड नव्हते." मी ते लाकडाच्या रेषारेषेत साठवले. तिथून सरांनी मला तुमच्या ग्रंथालयात आणून ठेवले.

पण मित्रांनो, माझे समाधान झाले नाही. साहेबाची तसबीर त्या सभागृहात अजून आहे, तिला रोज हार पडतो. दुर्गाबाई मात्र हे ऐकायला उरली नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. मला पॉलिश करू नका, माझी फळी खिळे ठोकून बंद करू नका. क्षमा कर, असेही सांगू नका. पावसाळ्यात माझ्या पायांना तेवढे रॉकेल लावा. वाळवीने मला खाल्ले, तर त्या तसबिरीच्या विरुद्ध बोलणारे कुणी राहणार नाही.